पळसाच्या पाण्यातले फेटे

आमच्या घरात लग्न निघालं की फेट्यांची गोष्ट सांगायला मला बसवतात. खरं म्हणजे भाजी निवडायला बसवायला हवं, पण त्यात माझा उपयोग नाही हे आता तिसऱ्या पिढीलाही ठाऊक झालंय. गोष्टीचं असं आहे की सांगता सांगता मी दर वेळी थोडी जास्त शूर होते. मागच्या लग्नात तर तहसीलदाराला मीच उत्तर दिलं असं सांगून मोकळी झाले. तेव्हा माझी नणंद, जिच्या लग्नाची ही गोष्ट, सगळ्यांसमोर म्हणाली, "वैनी, तू तवा मांडवात व्हतीस कुठं? तू तर चुलीमागं बसून रडून राह्यल्ती." म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावी. लिहिताना माणूस जरा वचकून असतो.

तेव्हा मी परतूरला नवी सून होते. माहेर जाफराबादच्या पुढं, अगदी हद्दीला लागून. आमच्या मळ्याच्या खालून एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडे हैद्राबाद संस्थान, पलीकडे इंग्रजी मुलूख. ओढ्याला याचं काही नव्हतं आणि आमच्या म्हशींनाही नव्हतं. त्या सकाळी संस्थानात रवंथ करायच्या आणि दुपारी इंग्रजीत डुंबायच्या. मग पलीकडचा इंग्रज गेला. त्या श्रावणात माझा चुलतभाऊ ओढा ओलांडून तिकडच्या गावातला झेंडा बघून आला. तिरंगा आम्ही ऐकून होतो, डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. चुलतीनं विचारलं, "कसा हाय रे?" तर म्हणाला, "वरती आपला फेटा बांधलाय, आन खाली आनखीन काय काय हाय."

आमच्याकडे लग्नाचा फेटा केशरी. पळसाच्या फुलांत घरीच रंगवायचा. तो काही कुणाच्या विरुद्ध नव्हता की कुणाच्या बाजूचा नव्हता, लग्नाचा होता. पण ओढ्यापलीकडे तो काठीवर चढला आणि इकडे त्याच्याकडे बघण्याची नजरच बदलली. संस्थानात जुनंच सरकार होतं. कचेरीच्या छपरावर पिवळा झेंडा होता, आणि तिरंगा लावील तो थेट तुरुंगात. नुसत्या केशरी रंगाला कायद्यानं मनाई नव्हती. पण सरकारच्या बाजूनं बंदुका घेऊन हिंडणारी पोरं कायदा वाचून हिंडत नव्हती, त्यामुळे ज्याला त्याला आपापली अक्कल चालवावी लागायची.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, तहसील कचेरीत पेशकार होते. तहसीलदार साहेबांच्या पुढ्यात मिसली, म्हणजे एकेका प्रकरणाचे कागद, ठेवायच्या, उर्दूतला मजकूर वाचून दाखवायचा, सही घ्यायची. उर्दू असं वळणदार की साहेबांनीही एकदा तारीफ केली होती, आणि ती तारीफ आमच्या घरात श्रीखंडासारखी पुरवून पुरवून खाल्ली जायची. शेरवानी, डोक्याला उंच लाल टोपी, तिचा काळा गोंडा. माणूस देवासारखा, फक्त देवापेक्षा जास्त भित्रा. त्या वर्षी त्यांनी तुळशीवरचं केशरी फडकं काढायला लावलं. बाजारात जिलबीवाल्याला म्हणाले म्हणे, "जरा फिकी तळत जा."

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं ते घनसावंगीकडच्या शेतकरी घरात. गोदावरीकाठची ऊसकरी माणसं. नणंदेचं आधीचं एक स्थळ सुपारी फुटल्यावर मोडलं होतं. तेही आमच्याच बाजूच्या घोळामुळे. मुहूर्ताच्या दिवशी साहेबांचा दौरा आला म्हणून मामंजींनी तारीख बदलायला लावली होती आणि ती माणसं रागानं गेली ती गेली. त्यानंतर गावात दबक्या आवाजात बोललं जायचं. पुन्हा मोडलं असतं तर आवाज दबका राहिला नसता. आणि या वेळी नणंदेला मुलगा मनापासून आवडला होता. बघायला आला तेव्हा पोहे मी केले होते. त्यानं ते तोंड वाकडं न करता संपवले, वर पाणी मागितलं नाही. नणंद नंतर मला म्हणाली, "वैनी, असा धीराचा माणूस मला पुन्ना मिळायचा न्हाई."

व्याह्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. मध्यस्थ एवढाच निरोप घेऊन आला, की आमच्या घराण्यात मुलीच्या बापानं जानवशाला येऊन मानकऱ्यांना फेटे बांधायचे, मगच वऱ्हाड मांडवाकडे निघतं. फेटे घरी रंगवलेले पाहिजेत आणि केशरीच पाहिजेत. बाकी काही नको.

मध्यस्थ चहा पिऊन गेला आणि मामंजी ओसरीवर बसले ते उठेनात. साहेबांना लग्नाला बोलावणं भाग होतं, आणि साहेब येणार हेही नक्की होतं.

"केशरी बांधले तर सायेब बगतील," ते म्हणाले. "न्हाई बांधले तर इवाई बगतील. मी कुनीकडं बगू?"

"तुमी पोरीकडं बगा," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या फार बोलायच्या नाहीत, पण बोलल्या की विषय संपायचा. मामंजींचा विषय मात्र संपला नाही. ते दिवसभर हातपंखा घेऊन येरझारा घालत राहिले.

आता माझी बढाई. मी रांगोळीत ढ, स्वयंपाकात ढ, ओव्या म्हणायला लागले की जात्याचा आवाज बरा असं बायका म्हणत. पण रंगकाम मला येतं असा माझा स्वतःबद्दल एक गैरसमज होता. माहेरी चुलती पळसाचा रंग काढायची आणि मी शेजारी बसून बघायची. बघितलं म्हणजे आलं, असं त्या वयात वाटतं. मी पदर सावरून सांगून टाकलं, "फेटे मी रंगवते. आमच्या माळाला पळसच पळस हाये." भावाला निरोप गेला आणि तो वाळलेल्या फुलांचं पोतं घेऊन आला. वाटेत नाक्यावरच्या शिपायानं पोत्यात काठी खुपसून विचारलं, "ये क्या है?" भाऊ म्हणाला, "बहन की शादी का सामान." शिपायानं मूठभर फुलं हुंगली आणि म्हणाला, "बहन को बोलो, गुलाब लो." लग्न माझं नाही हे सांगायला भाऊ थांबला नाही.

पहिला प्रयोग मी एका जुन्या धोतराच्या तुकड्यावर केला. फुलं भिजवली, उकळली, गाळली, तुकडा बुडवला. बाहेर काढला तर रंग खाकी. साधा नाही, चांगला पक्का खाकी, पलटणीतल्या सदऱ्यासारखा. मामंजी नेमके तेव्हाच मागच्या दारी आले. त्यांनी तो तुकडा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई," ते म्हणाले, "वऱ्हाड मांडवात न्यायचं हाय का लढाईवर?"

मी घाबरून आठवायला लागले आणि मग आठवलं. चुलती फुलं तांब्याच्या घंगाळात उकळायची. मी लोखंडाच्या काहिलीत उकळली होती. लोखंड लागलं की पळसाचा रंग काळवंडतो. चुलतीनं हे मला दहादा तरी सांगितलं असणार, पण तेव्हा मी झाडावरच्या पोपटांकडे बघत असणार. घंगाळ काढलं, चिंचेनं घासलं, नवीन फुलं टाकली. या वेळी कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढलं, आणि पिवळा आला. उन्हात धरला की डोळे दिपावेत असा पिवळा.

"हा तर पिवळाच झाला की," आत्याबाई म्हणाल्या.

मी एकदम पंडित होऊन सांगितलं, "तुरटीनं पिवळा येतो, आत्याबाई. आता पापडखाराच्या पाण्यात बुचकळला की हाच केशरी होतो. फुलं तीच."

इथं मी थांबायला हवं होतं, पण मी बोलतच होते, आणि मामंजी ऐकतच होते. त्यांनी तो पिवळा तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. श्रावणानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"मंग केशरी करूच नका," ते म्हणाले. "हितंच थांबा. हा बराबर हाय."

"अवो, पर त्यांनी केशरी सांगितलाय," आत्याबाई म्हणाल्या.

"हळदीच्या घरात हळदीचा रंग. इवायाला कोन नावं ठेवील? आन सायेबानं बगितलं तर त्याच्या डोळ्याला वळखीचा. कचेरीवर रोज बगतो त्यो." त्यांना स्वतःची हुशारी इतकी आवडली की ते हसले. "दोनी बाजू राजी."

"दोनी बाजू राजी असं आजवर कंदी झालंय का?" आत्याबाई म्हणाल्या. पण मामंजी कचेरीला निघून गेले होते, आणि लाल टोपीचा गोंडा कितीतरी दिवसांनी ऐटीत हलत होता.

फेटे मी पिवळे रंगवले. सगळे. तारेवर वाळत घातले तर गल्लीतल्या बायका बघून गेल्या. एकीनं विचारलं, "कचेरीत लगीन हाये का?" मला तेव्हा तो विनोद वाटला. नणंद मात्र हसली नाही. ती तारेखाली उभी राहून फेट्याचं टोक बोटांत चुरगाळत होती. म्हणाली, "वैनी, त्यांनी एकच गोष्ट मागितल्ती."

आमच्या सासरी एक रीत आहे. मानाचे फेटे देवकापुढे ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं की मुलीच्या बापाशिवाय दुसऱ्या कुणी त्यांना हात लावायचा नाही. बांधेपर्यंत नाही. रीत कशी पडली कुणाला माहीत नाही. एकदा एका मामानं फेटे बदलले होते म्हणतात. तर लग्नाच्या आदल्या दिवशी फेटे देवकापुढे गेले आणि माझे हात रिकामे झाले.

वऱ्हाड वैशाखातल्या ऐन दुपारी आलं, बैलगाड्यांतून, धुळीनं माखलेलं. जानवसा दिला होता आमच्या परसदारासमोरच्या वखारीत. हंगामात तिथं कापसाच्या गंजी लागायच्या, उन्हाळ्यात रिकामी असायची, कोपऱ्यात थोडी सरकीची पोती. मुहूर्त गोरज. मामंजी फेट्यांचं ताट घेऊन स्वतः गेले, शेरवानी, लाल टोपी, मागं वाजंत्री. मी आणि आत्याबाई परसदारात उभ्या राहून बघत होतो. वखारीचं मोठं दार उघडं होतं, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि निम्मं ऐकू येत होतं. उरलेलं निम्मं मी नंतर भरून काढलं आहे, हे मान्य.

व्याही उंच माणूस, पांढऱ्या मिशा, पायात जाड वहाणा. मामंजींनी ताटावरचं फडकं बाजूला केलं, तसे ते वाकून फेटे बघू लागले. मग म्हणाले, "फेटा झ्याक हाय. पर ह्यो आमच्यात बांधत न्हाईत."

"हळदीचा हाय, इवाई," मामंजी म्हणाले.

"हळद पोराला लावली सकाळी. आता माझ्या डोक्याला कशापायी?" वाजंत्री थांबली. "ह्यो रंग मी वळखतो. तुमच्या कचेरीवर फडकतो. आमच्या डोक्यावर फडकायची त्याला काय गरज?"

"रंग रंगच असतो, इवाई."

"मंग केशरी का न्हाई रंगवला?"

याचं उत्तर मामंजींकडे होतं. पण ते मुलीच्या लग्नाच्या दिवशी चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. व्याही रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. सरकीच्या पोत्यावर शांतपणे बसले आणि म्हणाले, "आमी बसतो. पानी पाठवा. घाई न्हाई काई. मुहूर्त तुमचाबी हाय आन आमचाबी." त्यांचे भाऊबंद खाली जमिनीवर बसले. नवरा मुलगा बाशिंग बांधून बसला होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण बाशिंग खाली झुकलेलं होतं.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तेव्हा जालन्याला एका अडतीवर नोकरी करायचे आणि बहिणीच्या लग्नाला म्हणून आले होते. ते वखारीतून पळत परसदारी आले. "तू म्हनलीस ना, खारानं रंग बदलतो?"

"बदलतो."

"आत्ता बदलंल?"

मी "हो" म्हणाले, आणि म्हणता म्हणता एक गोष्ट आठवली. चुलतीला मी वाळलेला फेटा पुन्हा बुचकळताना कधीच पाहिलं नव्हतं. ती सगळं ओल्यातच करायची. पण आता हे कुणाला सांगणार? पंडित होऊन बसले होते.

पापडखार घरात भरपूर होता, कारण वैशाख म्हणजे पापडांचा महिना. घंगाळ भरलं, खार विरघळवला, यांनी आणि गड्यानं ते वखारीत नेऊन ठेवलं. मी नाकापर्यंत पदर ओढून वखारीच्या लहान दाराशी उभी राहिले. आता फक्त मामंजींनी हो म्हणायचं होतं, कारण फेट्यांना हात त्यांचाच.

"बाबा, रंग बदलून घेऊ," हे म्हणाले.

मामंजी घंगाळाकडे बघत राहिले. "सायेब यायलेत," ते हळूच म्हणाले.

व्याह्यांचे कान तिखट होते. "येऊ द्या की. आमी काय चोरी करून राह्यलो?"

मामंजी तरी उभेच. त्यांच्या कपाळावरून घाम टोपीच्या कडेखालून वाहत होता. त्यांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला आता या वयात कळतं. तेव्हा मला फक्त राग आला होता. इतक्यात घरातून एक करवली नणंदेचा निरोप घेऊन आली आणि यांच्या कानाशी लागली. यांनी तो मोठ्यानं सांगितला, मुद्दाम. "बाबा, ती विचारायली, मुंडावळ्या सोडून ठेवू का?"

मामंजींनी टोपी काढली. कुठं ठेवावी कळेना, तेव्हा सरकीच्या पोत्यावर व्याह्यांच्या शेजारी ठेवली. शेरवानीच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि म्हणाले, "आना हिकडं."

पहिला फेटा पाण्यात गेला आणि काहीच झालं नाही. पिवळा तो पिवळा. मी दाराची चौकट धरली. मामंजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पदराआडून म्हणाले, "दाबून धरा. जरा दाबून." खरं सांगते, मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरला. आणि मग घड्यांच्या कडेनं सुरुवात झाली, आधी बेलफळाच्या गरासारखा, मग झेंडूसारखा, आणि त्यांनी तो वर उचलला तेव्हा माळावरचा पळस फाल्गुनात दिसतो तसा दिसला. पाणी त्यांच्या कोपरांवरून शेरवानीत शिरत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. नंतर नंतर तर त्यांना गोडी लागली. एक फेटा त्यांनी दोनदा बुचकळला आणि म्हणाले, "ह्यो जरा कमी वाटायला."

"आता कसं," व्याही म्हणाले आणि डोकं पुढं केलं.

फेटे ओलेच बांधले, वाळवायला वेळ होता कुठं? पण वैशाखातली ती दुपार, झळा अशा की कावळासुद्धा सावली सोडेना. ओला गार फेटा डोक्याला लागला आणि व्याह्यांनी डोळेच मिटले. "इवाई," ते म्हणाले, "असा फेटा सात पिढ्यांत कुनी बांधला नसंल. आदी ठाऊक असतं तर गाडीत बसतानाच मागितला असता." मागचे मानकरी मग रांगेत पुढं सरकायला लागले, आपला नंबर कधी लागतो म्हणून. एकजण तर मानकरी नव्हताच, तोही बांधून घेऊन गेला.

वऱ्हाड निघालं तेव्हा सगळ्यांच्या कपाळांवरून, कानांमागून केशरी ओघळ वाहत होते. पांढरे सदरे खांद्यापासून रंगत चालले होते. व्याह्यांच्या पांढऱ्या मिशांची टोकं केशरी झाली होती. मी घरात धावले, नणंदेला सांगायला. ती पाटावर बसली होती, मुंडावळ्या कपाळालाच. मी म्हटलं, "झाला केशरी." ती म्हणाली, "ठाऊक हाय. मी खिडकीतून फेटे बगितले." आणि मग, "बाबांनी टोपी काढली?" मी मान हलवली. तिनं डोळे पुसले ते काजळ सांभाळून, बोटाच्या टोकानं. त्याच बोटानं तिनं मला आत ढकललं. "जा, पंगतीचं बघ, न्हाईतर सगळं करपवशील."

पुढचं मी पाहिलेलं नाही. चुलीमागं होते. धुरानं डोळ्यांत पाणी आलं होतं असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. तर धूर होता, पण एवढा नव्हता. हे पुढचं आत्याबाईंनी सांगितलेलं आहे, आणि आत्याबाई वाढवून सांगत नसत.

साहेब अक्षता पडायच्या थोडं आधी आले. मागं दोन शिपाई. मांडवात शिरले आणि थबकले. समोर ओळीनं केशरी फेटे, त्यांतून गळणारं पाणी, आणि मध्ये त्यांचे पेशकार, बोडके, शेरवानीच्या बाह्या वर, कोपरापर्यंत हात रंगलेले. टोपी वखारीतच राहिली होती. वाजंत्र्यांनी आपसूक वाजवणं बंद केलं.

"क्या पेशकार साब," साहेब म्हणाले, "ये लोगां अब्बी तक होली खेलरे क्या?"

मामंजींनी या प्रसंगासाठी महिनाभर उत्तरं तयार करून ठेवली होती. हळदीचं एक, उन्हाचं एक, गावाकडच्या अडाणी पाहुण्यांचं एक. आत्याबाई म्हणायच्या, ते तोंड उघडून उभे राहिले तेव्हा त्यातलं कोणतं निघेल याची आपल्याला धास्ती होती. व्याही शेजारीच उभे होते. उर्दू त्यांना येत नव्हती, पण ते मामंजींच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"न्हाई साब," मामंजी म्हणाले. "हमारे में शादी का रंग यहीच है."

वळणदार उर्दूचा माणूस, आणि हे एवढं साधं वाक्य.

साहेबांनी फेट्यांकडे पाहिलं, एकेकाकडे. शिपायांकडेही पाहिलं. मग म्हणाले, "रंग तो अच्छा है. लेकिन कल कचेरी को बांध के नको आओ." पन्हं घेतलं, नवऱ्या मुलाच्या हातात आहेर ठेवला, अक्षता पडेपर्यंत थांबले आणि गेले. व्याह्यांनी विचारलं, "काय म्हनले?" मामंजी म्हणाले, "रंग चांगला हाय म्हनले." एवढंच सांगितलं. पुढचं वाक्य त्यांनी व्याह्यांना सांगितलं नाही, आणि मी त्यांना याचा दोष देत नाही.

अक्षता पडल्या. नणंद दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडीतून घनसावंगीकडे निघाली. धीराचा माणूस गाडी हाकणाऱ्याशेजारी बसला होता, आणि त्याच्या कपाळावर केशरी रेघ अजून तशीच होती. नणंद रडली, पण वेशीपर्यंतच, असं पोचवायला गेलेल्यांनी सांगितलं. वेशीनंतर ती त्याला काहीतरी विचारत होती.

त्याच सकाळी मामंजींनी हात धुवायला घेतले. आधी पाण्यानं, मग राखेनं, मग चिंचेनं, मग लिंबानं. मी दही सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत गेले. आत्याबाई म्हणाल्या, "आजच्या दिवस रजा टाका." ते म्हणाले, "न्हाई. सायेबानं फेटा बांधू नको म्हनलं. येऊ नको न्हाई म्हनलं." टोपी वखारीतून आणवून घेतली, झटकली, आणि निघाले. गोंडा कालच्या घंगाळातलं पाणी उडून जरा लोंबला होता.

संध्याकाळी जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं. एरवी कचेरीतलं घरी सांगायचे नाहीत. म्हणाले, दिवसभर हात मिसलींखाली ठेवले, टेबलाखाली ठेवले, शेरवानीच्या खिशात ठेवले. पण साहेब आत आले की उठून सलाम करायचा असतो, आणि सलाम खिशातल्या हातानं होत नाही.

"मंग?" आत्याबाईंनी विचारलं. त्या भाकरी वाढायच्या थांबल्या होत्या.

"मंग काय. केला." त्यांनी ताटावरचा उजवा हात उचलून कपाळाला नेऊन दाखवला. कंदिलाच्या उजेडात तळवा अजून असा केशरी दिसत होता की मी बघतच राहिले. "सायेबानं हात बगितला. म्हनले, मेहंदी?"

"तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, जी न्हाई. पळस." मामंजींनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्यांनी मान हलवली आन म्हनले, आगे की मिसल रखो."